बाई, विक्रम उठला का? : सांगली जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा, यांस

सविनय नमस्कार.

मी जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. गाव कर्नाटकाच्या शिवेला लागून आहे. वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात आणि शाळेच्या फाटकातून आत आली की मराठी. या मुलांनी मला विचारलेल्या एका प्रश्नामुळे हे पत्र लिहिते आहे. पत्र थोडं लांबेल. आपण ते सवडीने, पण पूर्ण वाचावं ही विनंती.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी शाळा सुटल्यावरही एकही मूल घरी गेलं नव्हतं. डिजिटल वर्गातल्या टीव्हीसमोर मुलं, त्यांच्यामागे पालक, आणि खिडकीच्या गजांना धरून उभी राहिलेली गावातली मोठी माणसं. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर, म्हणजे उतरणारं यान, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला आणि आमच्या वर्गात जो आवाज झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. पुढचे दहा-बारा दिवस रोज परिपाठाला विक्रममधून बाहेर आलेली गाडी, प्रज्ञान, किती पुढे गेला ते मी सांगत होते. सव्वीस किलोची ती गाडी शंभर मीटरच्या वर चालली. मग २ सप्टेंबरला प्रज्ञान आणि ४ सप्टेंबरला सकाळी विक्रम, दोघांना झोपवलं गेलं, कारण तिथे रात्र पडायची होती. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते.

झोपवताना रिसीव्हर चालू ठेवले होते. प्रज्ञानची बॅटरी भरलेली होती आणि त्याचं सौर पॅनेल पुढचा सूर्य जिथून उगवणार त्या बाजूला वळवून ठेवलं होतं. हे ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे उशाशी पाणी ठेवून झोपवलंय." मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

सूर्य पुन्हा वर आला २२ सप्टेंबरला. त्या दिवशी गौरीपूजन होतं. मंडळाने त्या वर्षी चांद्रयानाचाच देखावा केला होता. पुठ्ठ्याचा विक्रम, चंदेरी कागद आणि आत लुकलुकणारा बल्ब. संध्याकाळी आरतीला माझ्या दारात जमलेल्या मुलांनी प्रसादाला हात पुढे करायच्या आधी विचारलं, "बाई, विक्रम उठला का?" इस्रोने त्याच दिवशी कळवलं होतं की संपर्काचा प्रयत्न केला, अजून कोणताही संदेश आलेला नाही, प्रयत्न चालू राहतील. मी मुलांना ते तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गौरी विसर्जनाला पुन्हा तोच प्रश्न. नंतर आठवडाभर रोज.

साहेब, उतरण्याचा तो क्षण देशभर साजरा झाला. पण माझ्या वर्गाचं खरं विज्ञान सुरू झालं ते त्यानंतरच्या शांततेत.

मुलांना वाटत होतं की बंगळुरूजवळच्या ब्यालाळूची ती ३२ मीटरची अँटेनाची थाळी (गावाचं हे नाव माझी मुलं माझ्यापेक्षा नीट उच्चारतात) विक्रमला हाक मारते आणि तो ओ देत नाही, एवढंच. मग आम्ही फळ्यावर मांडायला बसलो. हाक इथून निघाली की चंद्रावर पोहोचायला साधारण सव्वा सेकंद, उत्तर यायला तेवढंच. उत्तर आलं नाही तर का? शून्याखाली शंभर-दोनशे अंशांच्या गारठ्यात बॅटरी गेली असेल. बॅटरी ठीक असेल, पण डाक देऊन जोडलेला एखादा सांधा तडकला असेल. यंत्र जागं असेल, हाक ऐकत असेल, पण बोलणारा भाग निकामी असेल. घड्याळ चुकलं असेल, त्यामुळे ते भलत्याच वेळी ऐकत असेल. गारठ्याने रेडिओची वारंवारता सरकली असेल. शांतता एकच, कारणं इतकी, आणि यातलं कुठलंही कारण तिथे जाऊन बघता येत नाही. मोबाइल निदान "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" असं सांगतो तरी. इथे तेवढंही नाही.

मंगळावरच्या नासाच्या अपॉर्च्युनिटी गाडीची गोष्ट मी त्यांना तीन तास पुरवून सांगितली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी चौदा वर्षं चालली, आणि १० जून २०१८ ला धुळीच्या मोठ्या वादळात गप्प झाली. त्यानंतर आठ महिने माणसं थकली नाहीत. आधी नुसतं ऐकत राहिली. मग "जागी असशील तर एक बीप दे" असा आदेश निरनिराळ्या वारंवारतांवर पाठवत राहिली. शेवटी शेवटी तर त्यांनी अशी कल्पना केली की गाडीचा मुख्य रेडिओ गेला असेल, किंवा दोन्ही रेडिओ बिघडले असतील, किंवा घड्याळ भरकटलं असेल, आणि प्रत्येक कल्पनेसाठी वेगळे आदेश लिहिले. हजाराच्या वर आदेश गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेवटची हाक मारून त्यांनी मोहीम संपल्याचं जाहीर केलं. एका मुलाने वहीत लिहिलं: "त्यांनी रागावून फोन ठेवला नाही." त्या वाक्याला मी पाचपैकी पाच गुण दिले.

कधी कधी उत्तर येतंही. धूमकेतूवर उतरलेला युरोपचा फायली लँडर नोव्हेंबर २०१४ मध्ये सावलीत अडकून झोपला. सात महिन्यांनी, १३ जून २०१५ ला, तो ८५ सेकंद बोलला. जपानचा स्लिम लँडर जानेवारी २०२४ मध्ये चंद्रावर तोंडघशी उतरला. चंद्राच्या रात्रीसाठी तो बनवलेलाच नव्हता, तरी तीन रात्री काढून परत बोलला.

आता मी ज्यासाठी लिहिते आहे त्याकडे येते.

मुलांनी पुढचा प्रश्न विचारला, "आपल्याला ऐकता येईल का?" विक्रमला ऐकायला प्रचंड थाळी लागते, हे मी सांगितलं. पण मग मला सांगावं लागलं की महाराष्ट्रात असे कान आहेत. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस थाळ्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचा शियापारेल्ली लँडर मंगळावर उतरत होता, तेव्हा सतरा कोटी किलोमीटरहून जास्त अंतरावरून येणारा त्याचा क्षीण सूर आपल्या जुन्नर तालुक्यात ऐकला गेला. उतरण्याच्या थोडं आधी तो सूर तुटला. लँडर कोसळला होता. तो शेवटचा आवाज ऐकणारी माणसं मराठी मुलुखात बसलेली होती, हे आमच्या सातवीच्या मुलांना कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मलाही ते उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं.

आणि हौशी माणसंही हे करतात. नासाचा इमेज नावाचा उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गप्प झाला, सगळ्यांनी त्याचा नाद सोडला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातले स्कॉट टिली हे हौशी निरीक्षक घरच्या साधनांवर दुसराच एक उपग्रह शोधत होते, तेव्हा त्यांना इमेजचा आवाज लागला. बारा वर्षांनी. आपल्या चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन यांनी तर घरी बसून नासाची छायाचित्रं जुळवली आणि २०१९ मध्ये कोसळलेल्या चांद्रयान-२ च्या विक्रमचा तुकडा शोधून दाखवला. एवढं सांगितल्यावर मुलं मला सोडणार थोडीच!

गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या रेडिओवरून संदेश पाठवायचा सरकारी परवाना असलेले एक हौशी रेडिओ चालक माझ्या विनंतीवरून एका रविवारी सांगलीहून आले. पोरांनी त्यांच्यासोबत सुताराच्या स्टीलच्या टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून अँटेना केला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर ते ऐकता येतं, आणि त्या आठवड्यात ते चित्रं पाठवत होतं. स्थानक दहा मिनिटांत क्षितिजापलीकडे जातं. एकाने अँटेना धरला, दुसरा दिशा सांगत होता, तिसरी लॅपटॉपकडे बघत होती. किरकिरणारा आवाज आला आणि पडद्यावर ओळ-ओळ करत चित्र उमटू लागलं. निम्मं चित्र आलं आणि स्थानक डोंगराआड गेलं. खालच्या निम्म्यात काय असेल यावर वर्गात दोन दिवस वाद चालला. ते अर्धं चित्र छापून आम्ही दारावर लावलं आहे.

साहेब, माझी मागणी आहे ती या दारामागच्या खोलीची. जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांमधून जत तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेवर कायमची रेडिओ खोली उभारावी: छतावर फिरता अँटेना, आत रिसीव्हर, एक संगणक आणि वीज गेली तर चालणारी बॅटरी. सोबत शिक्षकांना आणि बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना हौशी रेडिओच्या परीक्षेची तयारी आणि शुल्क. सांगलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं महिन्यातून एकदा जरी आली तरी देखभाल होईल. जमलं तर दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, तिथे मुलांना मुक्कामी नेण्याची सोय व्हावी, कारण आमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येणं होत नाही. काही जिल्हा परिषदा निवडक मुलांना इस्रो दाखवायला नेतात. चांगलंच आहे, पण त्यात वीस-पंचवीस मुलं एकदा जातात. खोली वर्षानुवर्षं राहते आणि तिच्यात निवड न झालेलं मूलही बसू शकतं.

जतला पाण्याआधी अँटेना कशाला, असं कोणी म्हणेल. म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी याच गावाने पिढी घालवली आहे आणि त्या मागणीच्या कागदावर माझीही सही आहे. दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करायला मला संकोच वाटत नाही. टँकरच्या रांगेत घागर लावून आलेलं पोरच माझ्या वर्गात डॉप्लरचा, म्हणजे स्थानक जवळ येताना आणि दूर जाताना त्याची वारंवारता का सरकते याचा, अर्थ विचारतं. त्याने आधी पाणी मिळेपर्यंत थांबावं असं मी त्याला कसं सांगू?

आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या घरची. माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दोन दिवस आई-आबांशी माझा संपर्क नव्हता. फोन बंद, वीज बंद, रस्ता पाण्याखाली. मी इथे कोरड्या जतमध्ये बसून दर दहा मिनिटांनी तेच नंबर फिरवत होते. ते दोघं शेजारच्यांच्या माडीवर सुखरूप होते, पण ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. बरोबर महिन्याभराने, ७ सप्टेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर, चांद्रयान-२ च्या विक्रमचा संपर्क तुटला, आणि टीव्हीवर पडद्यांकडे बघत बसलेल्या त्या शास्त्रज्ञांचे चेहरे मला अगदी ओळखीचे वाटले. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून हौशी रेडिओ चालकांनी माणसांचे निरोप पोहोचवले होते. नदीकाठच्या दहा गावांत परवाना असलेली दोन-दोन तरुण मुलं असती, तर माझ्यासारख्या किती लेकींना त्या रात्री झोप लागली असती. म्हणून रेडिओ खोल्या दोन असाव्यात, एक जतच्या माळावर आणि एक कृष्णाकाठी, आणि दोन्हीकडच्या मुलांनी दर आठवड्याला एकमेकांशी बोलावं. सराव पूर येण्याआधीच व्हायला हवा.

विक्रम अजून उठलेला नाही, आणि आता उठेल असं मी मुलांना सांगत नाही. पण त्याच्यावर पाच सेंटिमीटरचा एक आरसे बसवलेला घुमट आहे, नासाचा. त्याला वीज लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर टाकला आणि प्रकाश परत आला. सोव्हिएत रशियाची चंद्रावरची लुनोखोद-१ गाडीही १९७१ पासून गप्प होती. २०१० मध्ये तिच्या आरशाने पृथ्वीवरून गेलेल्या लेझरला असंच उत्तर दिलं. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक सहसा न बोलणारा मुलगा म्हणाला, "मग तो झोपलाय, पण डोळे उघडे आहेत."

आमच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर विक्रम आणि प्रज्ञान ही दोन नावं आहेत. शिवशक्तीवर, म्हणजे विक्रम उतरला त्या जागी, सूर्य उगवायचा दिवस मुलं साडेएकोणतीस दिवसांचा हिशेब करून काढतात आणि समोर हजेरी भरतात. आतापर्यंत सगळीकडे "गैरहजर" आहे. हजेरी भरणारी मुलं मात्र दरवर्षी बदलतात, सातवीची सहावीला शिकवून जातात.

शाळेच्या छतावर जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाचा लोखंडी पाइप अजून उभा आहे. गवंड्याने बघून सांगितलं आहे की तो मजबूत आहे, नवा अँटेना पेलेल. आपण जतच्या दौऱ्यावर याल तेव्हा पंधरा मिनिटं काढावीत. आधी दिवस कळला तर त्या दिवशी स्थानक किती वाजता वरून जाईल ते मुलं काढून ठेवतील. आणि प्रस्ताव मंजूर होवो वा न होवो, या पत्राची लेखी पोच मिळावी. ती मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. जत, जि. सांगली