पडवीच्या खांबांविषयी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पडवीचे खांब काढून तेथे लोखंडी पाइप उभे करावेत, असे बाबांनी फोनवर सांगितले. परंतु खांब नीट तपासल्यावर तसे करण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. पायरीकडच्या दोन खांबांत टोच्या जोत्यापासून वीतभर उंचीपर्यंत सहज आत जातो, त्याच्या वर मात्र साग इतका टणक आहे की टोक जेमतेम रुतते. वाळवीची माती कोठेही दिसत नाही. ही ओलीने आलेली कूज आहे.

जुन्या सुतारांनी खांब दगडी तळखड्यावर उभे केले होते, ते जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून. पुढे पडवीला सिमेंटचा कोबा झाला, तो तळखडा झाकून खांबाच्या बुडाभोवती चढला आणि पागोळ्यांचे उडालेले पाणी त्या फटीत मुरू लागले. खांबाचे कापलेले टोक तर त्याच्या बाजूंपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषते. लाकडातील ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही, म्हणून कोबा फोडून तळखडा मोकळा करणे हे पहिले काम. ते टाळले, तर नवा खांबही असाच कुजेल.

त्यानंतर खांबाचे फक्त कुजलेले बूड कापून तेथे नवा तुकडा जोडायचा. हे काम मी स्वतः करणार आहे. आईने काळजी करू नये. एका वेळी एकच खांब हाती घेईन आणि वरच्या तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, पाचरी ठोकून भार त्यांच्यावर घेतल्याशिवाय करवत लावणार नाही. कुजक्या भागाच्या वरचे थोडे निरोगी लाकूडही कापून टाकायचे, मग खांब आणि नवा तुकडा अर्ध्या जाडीपर्यंत उतरवून एकमेकांत बसवायचे व जस्त चढवलेल्या बोल्टांनी आवळायचे. बुरशी लागू नये म्हणून बुडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण लावीन. पण ते पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे खरी भिस्त बूड कोरडे राहण्यावरच आहे. माजघरातील तुळईला मात्र मी हात लावणार नाही, कारण तिच्यावर अख्ख्या माळ्याचा भार आहे. ती अनुभवी सुतारालाच दाखवू.

बाबा, गोठा मोडला तेव्हाचे सागाचे जुने तुळवट तुम्ही राखून ठेवले आहे. पुरते वाळलेले असल्याने ते आता आकसणार नाही आणि सांधा सैल पडणार नाही. त्यातून दोन तुकडे कापू का, ते पावसाआधी कळवावे.

आपली लेक