भटूच्या हर्षलचं काय करायचं?

अमळनेर
मंगळवार, रात्र

प्रिय दिलीप,

स. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुझ्या मागे लूमचा खडखडाट असतो, तू निम्मं ऐकतोस आणि उरलेल्या निम्म्याला 'हा भो, बरोबर शे' म्हणतोस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातात. वहिनींना कळलं की त्यांच्या मावसबहिणीला कळणार, आणि मावसबहीण म्हणजे भटूची बायको. म्हणून पत्र. वाच आणि फाडून टाक.

तब्येती ठीक. मायचे गुडघे, माझं बीपी, नेहमीचंच रडगाणं.

विषय भटूच्या हर्षलचा आहे.

परवा रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तर हा दाराशी उभा. डावा हात खिशात. आत ये म्हटलं तर येईना. म्हणे, "काका, गाडी थोडी घासली तर इन्शुरन्स मिळतो का? म्हणजे पप्पांना न सांगता?" न सांगता! गाडी भटूच्या नावावर, पॉलिसी भटूच्या नावावर, क्लेमच्या फॉर्मवर सही भटूची. हात बाहेर काढायला लावला तर मनगटापासून कोपरापर्यंत सालटं निघालेलं, त्यावर हळद थापलेली.

गाडी गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली लपवून आला होता. तीच ती ड्यूक मोटारसायकल, जिच्यासाठी भटूने पेढे वाटले होते. "कुत्रं आडवं आलं, स्लिप झालो," म्हणाला. मी वाकून बघितलं. नंबरप्लेट वर दुमडलेली, दोन्ही आरसे काढलेले, आणि क्लचच्या दांडीच्या फटीत कापूस. चिमूटभर नाही रे, चांगला बोटभर, सरकीसकट दाबून बसलेला. म्हटलं, "हर्षल, कुत्र्याच्या अंगावर कापूस कधीपासून पिकायला लागला?" तिथे फुटला. माझ्याहून वीतभर उंच पोऱ्या, ओट्यावर बसून हमसून हमसून रडला.

मग निघालं सगळं. शनिवारी जेवणं झाली की सात-आठ गाड्या पारोळ्याच्या पुढे महामार्गावर जातात. चौपदरी झाल्यापासून तिथे रात्री रस्ता सरळ आणि रिकामा मिळतो. पैज पेट्रोलच्या फुल्ल टाकीची. एकजण पुढे जाऊन उभा राहतो, त्याने मोबाइलचा टॉर्च हलवला की रस्ता मोकळा. एकजण शूटिंग करतो. टॉर्च हलला, हे दोघे सुटले, आणि शेतरस्त्यावरून एक कापसाची ट्रॉली राँग साइडने वर चढली. दुभाजकाचा कट लांब पडतो म्हणून सगळे ट्रॅक्टरवाले तेच करतात, तुलाही माहीत आहे. ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू. हर्षलला वाटलं मोटारसायकल आहे, बाजूने काढू. त्या दिव्यामागे ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरमागे दोन्ही अंगांनी फुगलेला कापूस आहे हे कळेपर्यंत हँडल कापसात शिरलेलं. कापसाने ओढलं आणि आडवा पडून घसरत गेला. चार बोटं आत असता तर लोखंडी फाळका होता.

"स्पीड किती होता?" तर म्हणे शंभरच्या आसपास. म्हणजे एकशेवीस धर.

तू अकरावीला फिजिक्सच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचास, म्हणून सांगतो. एकशेवीसला गाडी एका सेकंदात तेहेतीस मीटर जाते. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद गेला. पुढे ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंत, चांगल्या कोरड्या रस्त्यावर, आणखी ऐंशी. डिमरचा उजेड पडतो तीस-चाळीस मीटर. म्हणजे दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो, मग तुझा हात कितीही बसलेला असो. वेग दुप्पट झाला की थांबायला जागा चौपट लागते, हे सूत्र आपण परीक्षेत घोकलं आणि वरणगावच्या उतारावर विसरलो. आता तू म्हणशील आपण काय कमी होतो? मान्य. टिबल शीट, भटू मध्ये, तू मागे उलटा बसून गाणी म्हणणारा. पण आपली लुना उतारावर जीव खाऊन चाळीस गाठायची. आपण शहाणे नव्हतो दिलीप, गाडीत दम नव्हता. या पोरांच्या मनगटात आपल्याइतकीच अक्कल आहे आणि हाताखाली पंचवीस घोडे.

घोडे म्हटलं की तुला राग येणार, माहीत आहे. त्यावर नंतर येतो.

हर्षलचा प्रश्न होता इन्शुरन्सचा, तर त्याला माझ्या पॉलिसी विकायच्या धंद्याच्या भाषेत सांगितलं. सतरा वर्षं पूर्ण, अठराला अवकाश, गिअरच्या गाडीचं लायसन मिळूच शकत नाही. तेव्हा गाडीच्या नुकसानीचे शून्य रुपये. शिवाय पॉलिसीच्या कागदावरच छापलेलं असतं की शर्यतीत वापरलेल्या गाडीला संरक्षण नाही. ट्रॉलीवरचा माणूस मेला असता तर? कोर्टाने सांगितलं म्हणून कंपनीने त्याच्या घरच्यांना पैसे दिले असते आणि मग ते भटूकडून वसूल करायला निघाली असती. अशा दाव्यात रक्कम लाखांत जाते. मळ्याचा तुकडा गेला असता, आणि पोराच्या पोटी तो जाताना भटूने हूं की चूं केलं नसतं, हेही तुला माहीत आहे.

आणि २०१९ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून अल्पवयीन पोराने गुन्हा केला की गाडीमालक किंवा बाप, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे ऐकून हर्षल म्हणतो, "पण पप्पांना माहीतच नव्हतं असं सांगितलं तर?" भटूने नवीन गाडीवर त्याला बसवून, गळ्यात हार घालून फोटो स्टेटसला ठेवला होता. सगळ्या तालुक्याने पाहिला. माहीत नव्हतं म्हणे!

पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण झालं, मे २०२४, तेव्हा याच भटूने माझ्या ओट्यावर बसून तास-दीड तास भाषण दिलं होतं. दोन जीव गेले आणि पोराला तीनशे शब्दांचा निबंध, श्रीमंतांची थेरं, बापाला आधी आत टाका, वगैरे. मी तेव्हा चहा पीत गप्प बसलो. समोर ड्यूक उभी होती.

मी त्याला मूर्ख म्हणत नाही. भटूचा अण्णा अपघातात गेला त्या रात्रीचं तुला काय सांगायचं. सिव्हिलच्या ओट्यावर आपण पहाटेपर्यंत बसलो होतो, आणि घरी जाऊन भटूला सांगायला मी तयार होईना, तू गेलास. तोच महामार्ग, तेव्हा दोन पदरी. त्यानंतर कितीतरी वर्षं भटू एसटीच्या खिडकीशी बसायचा नाही. तो माणूस पोराला ड्यूक घेऊन देतो! मी खूप विचार केला याचा. मला वाटतं त्याने भीती पुरायची म्हणून घेतली. माझ्या घरात आता कोणी घाबरणार नाही, असं काहीतरी. किंवा कदाचित इतकं काही नसेल, कापसाला भाव बरा मिळाला आणि पोऱ्या मागे लागला, संपलं. तू त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस.

आता माझी अडचण. मी भटूला सांगितलं तर तो पोराला पट्ट्याने फोडेल, आठ दिवस चावी लपवेल, नवव्या दिवशी बायको रडली की परत देईल. आणि हर्षल पुन्हा कधी माझ्या दारात येणार नाही. हात सोललेला असताना तो माझ्याकडे आला, ही एक वाट उघडी आहे, ती बंद करायची नाहीये मला. नाही सांगितलं तर पुढचा शनिवार आहेच. सध्या चावी माझ्याकडे आहे. गाडी दुरुस्तीला टाकली असं त्याने घरी सांगितलंय, आणि गाडी आमच्या गोठ्यात गोणपाटाखाली आहे. हे किती दिवस चालणार? भटू परवा दुकानातून ओरडून विचारतो, "काय भो, मना पोऱ्या तुनाकडे काय करी ऱ्हायना?" म्हटलं अकाउंट शिकवतोय. अकाउंट! मी!

शिवाय माझं भटू ऐकत नाही. मी काहीही बोललो की त्याला वाटतं पॉलिसी गळ्यात मारायला आला. हेल्मेटचं सांगितलं तर म्हणतो, तुझं कमिशन किती?

पोलिसांचं म्हणशील तर ते महिन्या-दोन महिन्यांनी फटाके फोडणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चेपतात. पेपरात फोटो येतो, पोरं त्याच फोटोखाली हसतात आणि शर्यत चार किलोमीटर पुढे सरकते. शर्यतीला कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड आहे, पण रात्री साडेअकराला कापसाच्या शेताशेजारी पकडायला उभं कोण राहणार? मला गंमत वाटते ती याची, की बैलांच्या शर्यतीला सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं, मे २०२३ मध्ये निकाल लागला, आता कलेक्टरची परवानगी लागते, आधी जनावरांचा डॉक्टर बैल तपासतो. बैलाला टोचायचं नाही, छळायचं नाही. एवढी काळजी बैलाची. आपली पोरं उघड्या डोक्याने सुटतात त्यांना तपासायला कोणी नाही. तू म्हणशील बैल शहाणा असतो, तो स्वतःहून पळायला जात नाही. बरोबर शे.

मी माझ्यापुरतं एक केलं. काल बाजार समितीच्या फाटकावर जाऊन बसलो, लाल रेडियमची पट्टी आणि कात्री घेऊन. येईल त्या ट्रॉलीच्या फाळक्याला आणि दोन्ही बाजूंना पट्टी. एक म्हातारा म्हणाला, "याने भाव वाढी का?" म्हटलं, वजन वाढेल बाबा, लावू द्या. दोघांनी हाकलून दिलं. बाकीच्यांनी लावू दिली, एकाने तर बैलगाडीलाही लावून घेतली. हर्षल सोबत होता, सोललेल्या हाताने पट्ट्या कापत. ती शनिवारची ट्रॉली यातली असेल का म्हणून प्रत्येक ट्रॅक्टरचा दिवा वाकून बघत होता. सापडली नाही. कोणाची होती, ट्रॅक्टरवाल्याला कळलं तरी का, देव जाणे. पट्टीने ही पोरं थांबणार नाहीत. पण रात्री माणूस समोर दिसावा, निदान तेवढं तरी.

शेतरस्ता महामार्गाला मिळतो तिथे शेतरस्त्यावर गतिरोधक आणि महामार्गावर रंबलर टाका, दुभाजकाचा कट जवळ द्या, म्हणून अर्जही लिहिला आहे. खाली गावातल्या लोकांच्या सह्या घेतोय. अर्जाचं काय होतं ते आपण एसटी थांब्याच्या वेळी पाहिलं आहे, तरी लिहिला.

तुझं काय? मुलीच्या इंजिनिअरिंगचं कळलं, छान झालं, पेढे राहिले. लूमवर मंदी आहे असं तुझा मेहुणा सांगत होता, खरं का? वहिनींची शुगर आटोक्यात आहे ना? आणि उधन्याच्या त्या खोलीचं एकदा करून टाक, भाडं किती दिवस भरणार.

आता घोडी. दिलीप, मला माहीत आहे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तू दात बघून पाच वर्षांची सांगितलीस आणि भटूने वरातीच्या बयाणा-सुपाऱ्या आधीच घेऊन ठेवल्या. मला हेही माहीत आहे की ती लंगडी निघाली ती तुझ्या डोळ्यांनी नाही, त्या व्यापाऱ्याच्या चलाखीने. निम्मे पैसे तुझे गेले, निम्मे त्याचे, आणि घोडी दोघांचं वैरण खाऊन माझ्या गोठ्यात मेली, जिथे आता ड्यूक उभी आहे. मला कोणी विचारलं नाही. तरी तुम्ही दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला आला नाहीत आणि प्रत्येक वेळी दोन्हीकडची पत्रिका मी वाटली.

तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. रागावलेला आहे म्हणूनच ऐकेल, तू पॉलिसी विकत नाहीस आणि त्याच्या तोंडावर गोड बोलायची तुला गरज नाही. अण्णाची बातमी त्याला तूच दिली होतीस. यावेळी पोऱ्या धडधाकट आहे, फक्त हात सोललाय, हे पहिल्या वाक्यात सांग. मग बाकीचं. मारू नको म्हणावं. गाडी अठरा पूर्ण होऊन लायसन हातात येईपर्यंत माझ्या गोठ्यात राहू दे, हवं तर भाडं लावतो. आणि पोऱ्या काकाकडे स्वतः चालत आला होता, हे सांगायला विसरू नकोस. एवढं एक त्याला आवडेल.

शनिवारच्या आत कर. भटू साडेआठला दुकान वाढवतो, नऊपर्यंत जेवतो, त्यानंतर कर. नंबर बदललाय, मागच्या बाजूला लिहिलाय. घोडीचा विषय तू काढू नकोस. तो काढेलच, तेव्हा पाच मिनिटं ऐकून घे.

आणि यावेळी दत्तजयंतीला भुसावळ पॅसेंजरने ये. वांगी मळ्यातली आहेत, भरीत पऱ्हाट्यांवर भाजू, कळण्याच्या भाकरी तुझी वहिनी करते म्हणाली आहे. सारंगखेड्याला मात्र कोणी जायचं नाही.

तुझा,
सुनील