'चूक सहकाऱ्याची' ही पळवाट नव्हे

महोदय,

पॉवर प्रेसच्या (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) डायमधून, म्हणजे साच्यातून, एक कामगार जॉब (तयार तुकडा) काढत असतो आणि हेल्परचा पाय पेडलवर पडतो. अंगठा जातो. मग ऑफिसातून ठरलेलं वाक्य येतं : 'चूक हेल्परची, त्याला कंपनी काय करणार?' हे साफ खोटं आहे. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं दाखवलं की मालक जबाबदार, असा 1923 च्या भरपाई कायद्याचा नियम होता. चूक कोणाची, हा प्रश्नच येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता 2020 नं घेतली; तिच्यातही हा गाभा कायम आहे. दिवाणी दाव्यात पूर्वी मालक 'सहकाऱ्याच्या चुकीचा धोका या कामगारानं पत्करलाच होता' असं म्हणू शकत असे. तो बचाव 1938 मध्येच कायद्यानं काढून घेतला.

नशा, स्पष्ट सूचना जाणूनबुजून मोडणं, गार्ड (मशीनवरचं संरक्षक कवच) मुद्दाम काढणं हे मालकाची जबाबदारी टाळणारे अपवाद जखमी कामगाराच्या स्वतःच्या वागण्याचे आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही लागू होत नाहीत. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनं गार्ड उतरवला असेल, तर ते कामगाराच्या माथी मारता येत नाही.

रकमेचा हिशेब पाहा. वय 30, पगार 15,000 (जानेवारी 2020 पासूनची हिशेबाची कमाल मर्यादा). त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणांक 207.98. अंगठा पूर्ण गेल्यास त्याचे 30 टक्के, म्हणजे 5,61,546 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड. म्हणून थोडे पैसे हातावर ठेवून 'तक्रार नाही'वर सही मागतात. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही.

कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल, तर लाभ ईएसआयकडून मिळतो. मालकानं अपघाताचा अहवाल भरला का, हे पाहावं.

प्रकरण बिघडतं ते बहुतेक वेळा दवाखान्यात. सोबत आलेला माणूस 'घरी लागलं' असं सांगतो, केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे सगळा वाद त्या एका ओळीवर अडतो. 'कंपनीत, प्रेसवर, ड्युटीत' असं त्याच दिवशी लिहून घ्यावं. गार्ड नसलेल्या मशीनचा फोटो, हजेरीची नोंद, त्या पाळीतल्या दोघांची नावं जपून ठेवावीत. ठेकेदाराचा कामगार असेल, तर भरपाईच्या अर्जात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही पक्षकार करावं.

– कामगार कायद्याचा एक अभ्यासक, पिंपरी