आवाहन : दंडोबा डोंगराच्या पायथ्याशी नानांच्या दुर्बिणीला छप्पर हवे

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाच्या सभासदांना नानांची ओळख करून द्यायला नको. पोस्टातली नोकरी सांभाळून या माणसाने दुर्बिणीचा आठ इंची आरसा स्वतःच्या हातांनी घासला. काचेच्या दोन तबकड्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती गोल फिरत घासत राहायचे. चार महिने रोज रात्री ती खरखर गल्लीत ऐकू येई. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा नाना होडीत बसले ते हाच आरसा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, छातीशी धरून. घराची कागदपत्रे वहिनींच्या पिशवीत होती.

नानांचा ध्यास लघुग्रहांचा. आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेतून हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे येतात. आकाशाचा तोच तुकडा, थोड्या थोड्या वेळाने टिपलेला. ती संगणकावर भराभर फिरवली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादाच फिकट ठिपका पुढे सरकतो; तो लघुग्रह असू शकतो. तो ठिपका हेरायला नानांनी आपली किती मुले तयार केली! मुलांना ते कार्ल हेन्केची गोष्ट हमखास सांगतात. हेन्केही पोस्टातलेच. 1807 नंतर कोणालाच नवा लघुग्रह सापडला नव्हता. या गृहस्थांनी पंधरा वर्षे चिकाटीने आकाश धुंडाळले आणि 1845 मध्ये त्यांना अ‍ॅस्ट्रिया सापडला.

महापुरानंतर मंडळ पुन्हा उभे राहिले ते देणाऱ्यांमुळे. हळदीच्या पेठेतल्या एका अडत्यांनी स्वतःच्या गोदामात चिखल असताना दुर्बिणीच्या नव्या नळीचे पैसे दिले आणि नाव लावू दिले नाही. गावभागातल्या एका आजींनी पेन्शनमधले दोन हजार रुमालात बांधून आणून दिले. मिरजेच्या फॅब्रिकेटर मित्रांनी दुर्बिणीच्या बैठकीच्या मजुरीचा एक रुपया घेतला नाही. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

आता नानांना सांगलीच्या मातीतून लघुग्रहांचे स्वतः वेध घ्यायचे, म्हणजे त्यांच्या आकाशातल्या नेमक्या जागा मोजायच्या आहेत. हे वेध, लघुग्रहांच्या जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवून वेधशाळेचा संकेतांक मिळवायचा, तर दुर्बीण एका पक्क्या जागी हवी. गच्चीवर रोज मांडून रोज आवरण्यात ते साधत नाही, शिवाय शहराचा उजेड. दंडोबाच्या पायथ्याशी एका सभासदांनी दोन गुंठे जागा वापरायला दिली आहे. 13 एप्रिल 2029 रोजी (आपल्याकडे 14 ची पहाट) अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून जाणार आहे. त्याआधी आपली वेधशाळा सुरू व्हावी, एवढीच नानांची इच्छा. त्यांना आता चौऱ्याहत्तरावे लागले आहे.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितो. गेल्या दिवाळीतही आम्ही हात पसरले होते. आकाशदर्शनाला दीडदीडशे माणसे येतात, पण पावत्या फाटल्या फक्त अकरा. नानांनी त्या अकरा जणांना स्वतः पत्रे लिहिली. बाकीच्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण आम्हाला वाईट वाटले.

सरकते छप्पर, खोली व वीजजोड मिळून 3,20,000 रु. आणि कॅमेरा 90,000 रु.; जमा 1,15,000 रु. रोख किंवा चेक मंडळाच्या नावे, शनि-रवि सायं. 6 ते 8 कार्यालयात, पावती अवश्य घ्यावी. खाते क्रमांक फलकावर. सिमेंट, पत्रे, वायर असे वस्तुरूपानेही चालेल. श्रमदान येत्या रविवारी सकाळी 7 ला, कुदळ-घमेले सोबत आणावे.

आपला,
कार्यवाह