ताट पुढे सरकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सलाम.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण चार लोकांनी वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहिते आहे.

बाबा गेल्यावर आमच्या जुन्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, घरी एक जण आला, तो थकलेल्या वर्गणीचा हिशेब घेऊन. आईजवळ दोन मिनिटं बसून प्रार्थना करावी, हे कुणाला सुचलं नाही. कोलकात्याला बदली झाली तेव्हा चर्चची पायरी चढायची इच्छाच उरली नव्हती. तुमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये आले ती घरमालकीणबाईंच्या आग्रहाखातर.

गीतं, प्रार्थना, शास्त्रपाठ, मोठा उपदेश, आणि नेमका प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा रविवार. तुमच्याकडे वेदीपुढे जाऊन गुडघे टेकत नाहीत. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे इवले पेले बाकाबाकावरून हातोहात फिरतात. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी, कपाळावर पाणी शिंपडून झालेला. तुमच्यात तो कळत्या वयात, विश्वास कबूल करून, पाण्यात बुडवून. मग तुमच्या ताटातलं मी घ्यावं की नाही? ताट माझ्यापाशी आलं आणि हात उचलेना. तुम्ही ते हलकेच घेतलंत आणि स्वतःही भाकर न घेता पुढे सरकवलंत. पेल्यांचंही तसंच. मग तुमची सुरकुतलेली बोटं माझ्या मनगटावर होती, थेट उपासनेच्या शेवटच्या आशीर्वचनापर्यंत.

कारण विचारलं नाहीत. तू कुणाची, कुठली, तेही नाही. मांडीवरचं माझं मराठी पवित्र शास्त्र, बायबल, बघून म्हणालात, "पुढच्या रविवारी इथेच बस." मराठीत! मला रडूच फुटलं.

बॅप्टिस्ट मंडळीत प्रत्येक विश्वासणारा याजक, म्हणजे देवापुढे दुसऱ्यासाठी उभा राहणारा, असतो, हे नुसतं वाचलं होतं. म्हणून तर तिथे भाकर शेजाऱ्याच्या हातून मिळते. त्या दिवशी ती न घेताही माझ्या याजक तुम्ही होतात. रविवारची उपासना कशासाठी, हे मला कुठल्याही उपदेशापेक्षा त्या बाकावर जास्त कळलं.

पुढे एकदा चहा पिताना तुम्हीच सांगितलंत, की बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरीसाहेबांच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली इथेच, हुगळीकाठच्या श्रीरामपूरहून निघाला. आपली भाषा आपल्याआधी इथे येऊन गेली, हे ऐकून किती धीर आला!

वर्गणीच्या वह्या सांभाळणारे पुष्कळ भेटतात. शेजारच्याचा हात अडखळलेला ज्यांना दिसतो अशी माणसं ज्या मंडळीत आहेत, तिचं छप्पर गळत असलं तरी मी तिथेच बसेन.

ईस्टरला आई येते आहे. तिला बंगाली येत नाही, इंग्रजीही नाही. तिला तुमच्या शेजारी बसवणार आहे. बाकावर दोघींची जागा धरून ठेवा.

तुमचीच,
एक लेक