दक्षिणेत सगळीकडे उगादी नसते

महोदय,

आपल्या पाडवा पुरवणीत ‘दक्षिणेत हा सण उगादी म्हणून साजरा होतो’ असं सरसकट छापलंय. आंध्र, तेलंगण, कर्नाटकापुरतं ते ठीक. तमिळनाडूचं नववर्ष पुत्तांडू आणि केरळचं विषू सौर गणनेचं. सूर्य मेषेत गेला की, म्हणजे 14-15 एप्रिलच्या सुमारास. त्यातही केरळच्या कोल्लम पंचांगाचं वर्ष बदलतं ते ऑगस्टमध्ये, चिंगम महिन्यात!

माझं सासर पालक्काडचं. विषूच्या आदल्या रात्री सासूबाई उरुळीत, म्हणजे पसरट धातूच्या भांड्यात, तांदूळ, पिवळीजर्द काकडी, नारळ, नाणी, आरसा मांडतात; वर बहाव्याचे घोस. पहाटे डोळे मिटून देवापुढे जायचं आणि पहिली नजर त्या मांडणीवर, म्हणजे ‘कणी’वरच टाकायची. मग थोरले हातावर पैसे ठेवतात. आमच्या यजमानांना पन्नाशीतही मिळतात आणि ते मोजून घेतात.

उगादीच्या पच्चडीलाही आपण ‘कडुलिंबाची चटणी’ म्हणून मोकळे झालात. तिच्यात चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट असतं आणि कडुलिंबाचा पाला नव्हे, फुलं. विषू अजून व्हायचंय. तेव्हा चार ओळी छापता आल्या तर पाहा.

— एक वाचक, डोंबिवली