बिलाचे सॉफ्टवेअर विंडोजला का जखडायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची यंत्रे नियमाने बाद. नागपुरात इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांत, कळमन्याच्या अडतीच्या गाळ्यांवर अशा यंत्रांना तोटा नाही. चार जीबी रॅमच्या त्या संगणकात जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंट चढवले, की तो बिले करायला आणखी काही वर्षे सहज पुरतो. घोडे अडते ते बिलाच्या सॉफ्टवेअरपाशी. ते व्हीबी ६ मध्ये किंवा जुन्या डॉटनेटमध्ये लिहिलेले, डेटा अ‍ॅक्सेसच्या फाइलीत, आणि विंडोजखेरीज कुठेच न चालणारे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनवर ते चालवून पाहणारे भेटतात, पण डोंगल (परवान्याची चावी) आणि प्रिंटर आले की तो मार्गही बहुधा खुंटतो.

नागपुरात असे सॉफ्टवेअर लिहून देणारे एकटे-दुकटे व्यावसायिक पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सुचवायचे आहे की, पुढची आवृत्ती लिहायला घ्याल तेव्हा ती डब्ल्यूएक्सविजेट्ससारख्या मुक्त टूलकिटवर (खिडक्या-बटणे बनवण्याच्या तयार लायब्ररीवर) घ्या आणि मराठीचा विचार पहिल्या दिवसापासून करा.

डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२ साली एडिनबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केले. तेव्हाचे नाव डब्ल्यूएक्सविंडोज. 'विंडोज' या शब्दावर मायक्रोसॉफ्टने हरकत घेतल्यावर २००४ मध्ये ते बदलले. फाइलझिला, कायकॅड, पोएडिट हे प्रोग्रॅम याच टूलकिटवर उभे आहेत. सी++ मध्ये एकदाच कोड लिहायचा. तो विंडोजवर विंडोजचेच बटण मागतो, लिनक्सवर जीटीकेचे, मॅकवर कोकोआचे. सी++ ची भीती वाटत असेल तर हेच टूलकिट पायथनमधून डब्ल्यूएक्सपायथन या नावाने वापरता येते. परवाना एलजीपीएल या मुक्त परवान्याच्या धर्तीचा, पण त्याला एक सवलत जोडलेली आहे: तयार प्रोग्रॅम आपल्या अटींवर विकता येतो, स्टॅटिक लिंक केला (लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलीतच मिसळली) तरी आपला कोड उघड करावा लागत नाही. क्यूटी हेही तोलामोलाचे टूलकिट आहे, सुविधा तर जास्तच. पण त्याचा मोफत परवाना एलजीपीएल ३ किंवा जीपीएल आहे, आणि बंद कोडचा प्रोग्रॅम एलजीपीएलखाली स्टॅटिक लिंक करून विकायचा तर ग्राहकाला तो पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते. लहान व्यावसायिकाने त्या भानगडीत का पडावे? वेब-पानांसारखे प्रोग्रॅम बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनचे तर नावच नको. तीन खिडक्यांच्या बिलासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या माथी आख्खा क्रोमियम ब्राउझर मारायचा आणि मग चार जीबी रॅम अपुरी पडते म्हणायचे, हा उफराटा कारभार झाला.

उबंटू २४.०४ च्या भांडारात डब्ल्यूएक्सविजेट्स ३.२ चे डेव्हलपमेंट पॅकेज तयार मिळते. स्वतः बांधायचे असेल तर सोर्समध्ये वेगळा बिल्ड फोल्डर करून तिथून कॉन्फिगरला जीटीके ३ चा पर्याय द्यावा, मग मेक, मेक इन्स्टॉल आणि शेवटी एलडीकॉन्फिग. हा शेवटचा आदेश राहिला की प्रोग्रॅम बांधला जातो पण सुरू होताना 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' म्हणून मरतो. गिऱ्हाइकांकडे वेगवेगळे उबंटू असतील तर त्यांतल्या सर्वांत जुन्यावर बांधावे. नव्या जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर उघडत नाही, उलट मात्र चालते.

विंडोजवर नवशिक्याचा पहिला दिवस हमखास एका चुकीत जातो: 'सेटअप डॉट एच सापडत नाही'. ती फाइल इन्क्लूड फोल्डरमध्ये नसते. लायब्ररी बांधताना ती लिब फोल्डरच्या पोटात तयार होते, रिलीजसाठी 'एमएसडब्ल्यूयू' आणि डीबगसाठी 'एमएसडब्ल्यूयूडी' या उपफोल्डरात. कंपायलरला दोन्ही वाटा दाखवाव्या लागतात. डीबगची लायब्ररी आणि रिलीजचा प्रोग्रॅम यांची सरमिसळ करू नये, आणि एका कंपायलरने बांधलेली लायब्ररी दुसऱ्याला देऊ नये. रिसोर्स फाइलमध्ये टूलकिटची 'डब्ल्यूएक्स डॉट आरसी' समाविष्ट करायची राहिली तर मॅनिफेस्ट (विंडोजला प्रोग्रॅमची माहिती देणारी नोंद) लागत नाही. मग बटणे विंडोज ९५ च्या काळातली दिसतात. आणि मॅनिफेस्टमध्ये डीपीआयचा पर्याय दिला नसेल तर स्क्रीन १२५ टक्क्यांवर ठेवली की अक्षरे पुसट होतात. यात गिऱ्हाइकाच्या मॉनिटरचा काहीही दोष नसतो.

खिडकीची मांडणी पिक्सेल मोजून कधीही करू नये. साइझर (जागा आपोआप वाटून देणारे घटक) वापरावेत. फॉर्मसाठी फ्लेक्सग्रिड, बटणांच्या ओळीसाठी बॉक्स, आणि जिथे आकडा द्यावाच लागेल तिथे तो पडद्याच्या घनतेप्रमाणे बदलून देणाऱ्या 'फ्रॉमडीआयपी' मधून. मराठीला हे जास्तच लागू आहे. आपल्या अक्षराला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो. इंग्रजीच्या मापाने २० पिक्सेल उंचीचे लेबल केले की 'उर्वरित'चा रफार वरून छाटला जातो आणि 'मूल्य'चा उकार खालून. शिवाय इंग्रजीत 'सेव्ह'ला जेवढी रुंदी पुरते तेवढ्यात 'जतन करा' मावत नाही.

आता मराठीचे खरे दुखणे. जोडाक्षरे लावण्याचे काम टूलकिट स्वतः करत नाही. विंडोजवर ते युनिस्क्राइब-डायरेक्टराइट करते, लिनक्सवर पँगो आणि हार्फबझ. म्हणून साध्या बटणात, टेक्स्टबॉक्समध्ये मराठी बिनचूक उमटते. बिघडते ते आपल्या कोडमध्ये. विंडोजवर कोडातली साधी अवतरणातली ओळ यंत्राच्या कोडपेजनुसार वाचली जाते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवावी, व्हिज्युअल स्टुडिओला 'यूटीएफ-८' चा पर्याय द्यावा आणि कोडातली मराठी ओळ असो की बाहेरून येणारा मजकूर, तो 'फ्रॉमयूटीएफ८' मधूनच आत घ्यावा.

पण खरे तर कोडात मराठी लिहूच नये. प्रत्येक ओळ अंडरस्कोर-कंसाच्या मॅक्रोत इंग्रजीत ठेवावी, एक्सगेटटेक्स्टने ओळी उपसाव्यात, पोएडिटमध्ये मराठी करावी आणि तयार झालेली एमओ फाइल 'एमआर' फोल्डरात ठेवावी. शेजारी 'एचआय' फोल्डरात हिंदीची दुसरी फाइल ठेवली की मुनीमजी हिंदीत आणि मालक मराठीत काम करू शकतात. नागपुरात याची गरज सांगायला नको. वाक्य मात्र तुकड्यांनी जोडू नये. 'डिलीट' अधिक नाव अधिक प्रश्नचिन्ह हे इंग्रजीत खपते. मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि नावाला 'चे' किंवा 'ला' लागतो. पूर्ण वाक्य एकाच साच्यात द्यावे, म्हणजे भाषांतर करणाऱ्याला शब्द हलवता येतात. मेनूतल्या ऑल्ट-किल्लीसाठी मराठी नावापुढे कंसात एक रोमन अक्षर ठेवलेले बरे, नाहीतर इनस्क्रिप्ट लावलेले नसताना ती किल्ली मुकी राहते.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातला डेटा आणताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. नुसता चिन्हाला चिन्ह असा तक्ता लावला की 'किराणा' फुटतो. वेलांटी पुढच्या पूर्ण जोडाक्षरापलीकडे सरकवावी लागते. त्याहून फसवी जागा म्हणजे डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: ऱ ला हलंत लावून, किंवा साधा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिघांनी. 'गोऱ्हे' आणि 'गोर्‍हे' पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन नावे. वहीत एकाच माणसाची दोन खाती पडतात आणि उधारी जुळत नाही. साठवण्यापूर्वी सगळे एकाच रूपात आणणारे दहा ओळींचे फंक्शन हवेच. क्रम लावतानाही तेच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. साधी तुलना तक्त्याप्रमाणे चालते, म्हणून ३.२ मधल्या 'यूआयलोकेल'ची तुलना वापरावी आणि ती प्रत्येक सिस्टीमवर एकदा पडताळून पाहावी.

आकड्यांत तर दुहेरी अडचण. कुणी १२५ हे देवनागरीत टाइप केले तर मजकुराचा आकडा करणारे 'टूडबल' ते नाकारते, त्यामुळे हिशेबाआधी ० ते ९ चे इंग्रजी आकडे करून घ्यावेत. आणि टूलकिटचा नंबर फॉरमॅटर स्वल्पविराम नेहमी तीन-तीन आकड्यांवर देतो, मग लोकेल (भाषा-देशाची मांडणी) कोणतेही असो. साडेबारा लाख '१,२५०,०००' असे छापलेले पाहून अडत्या दुसऱ्या पावतीला हात लावणार नाही. '१२,५०,०००' साठी स्वतःचे फंक्शन लिहावे: उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन. रक्कम साठवताना पैशांत, पूर्णांकात ठेवावी. डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारात हमाली, तोलाई, अडत जोडत गेले की कधी ना कधी एक पैसा घसरतो, आणि बाजारात तो एक पैसाच सगळ्यांत मोठा असतो.

थर्मल प्रिंटरच्या बाबतीत गैरसमज बराच आहे. स्वस्त प्रिंटरच्या पोटात बहुतेक वेळा देवनागरी फॉन्ट नसतो, म्हणून मजकूर पाठवला की कचरा छापला जातो. त्यावर उपाय चित्राचा. ८० मिलिमीटरच्या, २०३ डीपीआय प्रिंटरची छपाईची रुंदी ५७६ ठिपके असते, ५८ मिलिमीटरच्याची ३८४. तेवढ्या रुंदीचे बिटमॅप घेऊन मेमरीडीसीवर (मेमरीतल्या चित्रफलकावर) मजकूर काढावा, काळे-पांढरे करावे, आठ ठिपक्यांचा एक बाइट या हिशेबाने ओळीला ७२ बाइट (५८ मिलिमीटरच्याला ४८) करून रास्टर आदेशाने पाठवावे. लांबलचक बिल एकदम न पाठवता तुकड्यांनी पाठवावे, कारण या प्रिंटरांची मेमरी लहान असते. लिनक्सवर प्रिंटर थेट उघडायचा असेल तर वापरणाऱ्याला 'एलपी' गटात घालावे लागते.

इलेक्ट्रॉनिक काट्याचेही असेच. डब्ल्यूएक्समध्ये सीरियल पोर्टची सोय नाही, लिबसीरियलपोर्ट ही वेगळी लायब्ररी जोडावी. पोर्टचे नाव कोडात गोठवू नये. विंडोजवर 'कॉम ३' असते, लिनक्सवर 'टीटीवाययूएसबी शून्य'. तिथे 'डायलआउट' गटात नाव नसेल तर काटा जोडलेला असूनही वजन येत नाही आणि सगळे केबल बदलत बसतात. काटा वाचायचे काम वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या धाग्यात) करावे, पण त्या थ्रेडने खिडकीला हात लावू नये. वजन 'कॉलआफ्टर'ने मुख्य थ्रेडकडे द्यावे. नाहीतर प्रोग्रॅम आठवड्यातून एकदा विनाकारण पडतो आणि दोष कधी सापडत नाही.

फाइलींची नावे लहान अक्षरांत ठेवावीत. विंडोजला मोठ्या-लहान अक्षराचा फरक नाही, लिनक्सला आहे. डेटा सी ड्राइव्हच्या पत्त्यावर न ठेवता 'स्टँडर्डपाथ्स' देईल त्या जागी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवावा.

दुकानदारांनीही पैसे मोजण्याआधी थोडी चौकशी करावी. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू करून त्यावर प्रोग्रॅम चालवून दाखवायला सांगावे. रकमेच्या चौकटीत १२५ देवनागरीत टाइप करून पाहावे, 'गोऱ्हे' हे नाव दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून घालून किती खाती दिसतात ते मोजावे, साडेबारा लाखांचे बिल छापून घ्यावे. आणि डेटाची फाइल नेमकी कुठल्या फोल्डरात आहे, तिची प्रत कशी काढायची, हे त्याच वेळी कागदावर लिहून घ्यावे.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक,
धरमपेठ, नागपूर